पुढे टाकलेली नवी जोडी

चिखलासाठी टायर घ्यायचे तर घोडेगावला जावं, असं आमच्या भागातल्या पिकअपवाल्यांचं ठाम मत आहे. मी निरगुडसरच्या बाजूचा. वाटेत टायरची दुकानं पुष्कळ लागतात, पण तिथलं गिऱ्हाईक डांबरीवरचं. घोडेगावातून डोंगरातल्या गावांना जीपा जातात, आणि तिकडचा पाऊस चार महिने माणसाला डोकं बाहेर काढू देत नाही. त्यामुळे कुठला टायर चिखलातून निघतो आणि कुठला जागच्या जागी फिरत बसतो, हे तिथल्या दुकानदाराला तोंडपाठ असतं.

मे महिना संपत आला तसा एका सकाळी मी पिकअप काढली. शेजारच्या सीटवर अण्णा येऊन बसले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तरीच्या पुढे, कान शाबूत आणि हट्टही शाबूत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "जोडी बघायची म्हंजी जाणतं माणूस पाहिजे," एवढंच म्हणाले आणि काच खाली केली. टायरला ते जोडीच म्हणायचे.

टायरची गरज का पडली ते सांगतो. आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून पाऊण किलोमीटर आत आहे. मधली वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात या वाटेने नवरीची गाडी यावी इतकी ती चांगली असते. पाऊस पडला की तीच माती चपलेला धरते, चप्पल ठेवून घेते आणि माणसाला अनवाणी पुढे पाठवते. मी पिकअपमधून आमची आणि शेजाऱ्यांची कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर बाजाराला नेतो. आदल्या पावसाळ्यात गाडी चारदा रुतली होती. चारही टायर गोटा झाले होते, म्हणजे त्यांच्यावरची नक्षी पार झिजून गेली होती.

आता अण्णांविषयी. आमच्या घरात बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड आजोबांपासूनचं. जुन्नर-आंबेगावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. गाड्याला चार बैल असतात, दोन पुढे आणि दोन त्यांच्या मागे. सगळ्यांच्या पुढे घोडी. मागची जोडी गाडा सरळ ठेवते आणि ओढ सगळी पुढच्या जोडीची, हे अण्णांचं मत. दुसऱ्या गाडामालकांची मतं वेगळी असतील. कोणता बैल पुढे जुंपायचा आणि कोणता मागे, हा आमच्या घरात अण्णांचा शब्द. त्यात चाळीस वर्षांत कोणी तोंड घातलं नाही. मी तर नाहीच. 'ह्याला बैलातलं कळत नाही' असा शिक्का माझ्यावर लहानपणीच बसला होता आणि तो पुसायची मी कधी खटपटही केली नाही.

पुढच्या जोडीतला आमचा एक बैल सात-आठ वर्षं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तालुक्यातला कोणीही माझ्या घराचा पत्ता सांगेल. त्याचं पळणं थांबलं तेव्हा व्यापारी दारात येऊन गेले. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. आई गेल्यावर अण्णा घरात कोणाशी फारसं बोलत नसत. गोठ्यात मात्र त्यांचा आवाज तासतासभर ऐकू यायचा. समोर तो बैल रवंथ करत उभा असायचा. ते त्याला काय सांगत असत हे मला कधी कळलं नाही. मी जवळ गेलो की ते गप्प व्हायचे आणि शेण ओढायला लागायचे.

घोडेगावचा दुकानदार बोलका होता. त्याने आम्हाला तीन प्रकारचे टायर दाखवले. एकावर सरळ रेघा होत्या. "ह्यो डांबरीचा. पळायला मऊ, पण चिखल दिसला की हात वर करतो." दुसऱ्यावर बारीक ठोकळे होते. ते म्हणे दोन्हीकडे चालतात, म्हणजे दोन्हीकडे निम्मे-निम्मे. तिसरी जोडी त्याने मागून लोळवत आणली. जाड ठोकळे, मध्ये रुंद खाचा, आणि कडेला इंग्रजी एम आणि एस ही दोन अक्षरं.

"एम म्हंजी चिखल आन् एस म्हंजी बरफ," दुकानदार म्हणाला. "ह्यो टायर बरफातबी चालतो."

"बरफ आमच्याकडं रसवंतीवाल्याकडं असतो," अण्णा म्हणाले. "आमाला चिखलापुरताच दे."

दुकानदार मनापासून हसला आणि मग त्याने समजावून सांगितलं. डोंगरातली तांबडी माती पातळ होते, वाहून जाते. तुमची काळी माती तशी नाही. ती खाचेत बसते आणि सुटत नाही. खाच अरुंद असेल तर दोन फेऱ्यांत टायरचा गोटा होतो, मग टायर नवा असो की जुना. खाच रुंद असेल तर चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. शिवाय टायर फार रुंद नको. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या टणक जमिनीला पाय लावतो. हे सगळं ऐकताना अण्णांनी टायरच्या खाचेत बोटं घालून पाहिली. मग ठोकळ्यावर अंगठा दाबला, अंगठ्याचा वास घेतला, आणि मान हलवली. बैलाचा खूर ते असाच बघायचे.

जोडी पसंत पडली. पण त्या टायरची ती एकच जोडी दुकानात होती. दुसरी पंधरा दिवसांनी येणार होती. अण्णा चूळ भरायला बाहेर नळाकडे गेले तेव्हा दुकानदार मला म्हणाला, "भाऊ, ही जोडी मागं टाका. तुमच्या पिकपला इंजिनाचा जोर मागच्या चाकाला हाय. पुढची चाकं नुसती वळायला असत्यात." मला हे ठाऊक होतं. गाडी चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. मी हो म्हणालो.

अण्णा धोतराच्या सोग्याने तोंड पुसत आत आले आणि म्हणाले, "पुढं टाक."

दुकानदार म्हणाला, "बाबा, ह्या गाडीला मागं टाकल्यालं..."

"पुढची जोडी दमाची पाहिजे," अण्णा म्हणाले. "मागचं काय, मागनं येतंच."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी टायरच्या ढिगाकडे पाहत होतो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि त्यांतलं एक अण्णांना ओळखत होतं. घाटात अण्णांचा गाडा कसा पळायचा ते तो दुसऱ्याला सांगत होता. अशा माणसाला, अशा वेळी, चारचौघांत 'अण्णा, तुम्हाला गाडीतलं कळत नाही' असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

"काय करू, भाऊ?" दुकानदाराने विचारलं.

"ते म्हणत्यात तसं कर," मी म्हणालो.

जॅक लागला, पाने फिरले, नवी जोडी पुढे बसली. दुकानदाराने पैसे घेताना हळूच सांगितलं, "घरी गेल्याव बदलून घ्या. अर्ध्या तासाचं काम हाय." येताना डांबरीवर नवे टायर घुं घुं आवाज करत होते आणि अण्णा खिडकीतून कान बाहेर काढून ऐकत होते. "पुढची जोडी बोलतीय बघ," ते मला म्हणाले. इतके खूश ते आई गेल्यापासून मी पाहिले नव्हते.

अर्ध्या तासाचं ते काम मी जून महिनाभर केलं नाही. जुलैतही केलं नाही. अण्णांचा मुक्काम दिवसभर अंगणात, आणि पिकअप उभी तीही अंगणात. दोनदा जॅक काढला. "जॅक कशाला काढलाय रं?" अण्णांनी विचारलं. "हवा बघायची व्हती," मी म्हणालो. हवा बघायला जॅक लागत नाही हे त्यांना माहीत नव्हतं म्हणून निभावलं. गावात गाडी नेऊन बदलून घेता आले असते. पण घरी आल्यावर अण्णांना ते पहिल्या नजरेत दिसलं असतं, आणि मग आठ-आठ दिवस न बोलता जेवायचं, हे मला नको होतं. खरं सांगायचं तर चाळीशी उलटलेला मी माझ्या बापाला भीत होतो. घोडेगावला दुसरी जोडी आली, ती डोंगरातल्या जीपवाल्यांनी उचलली. "येतील परत," दुकानदार फोनवर म्हणाला.

जुलैत एकदा गाडी वाटेवर रुतलीच. मेथीच्या जुड्या डोक्यावरून डांबरीपर्यंत वाहून न्याव्या लागल्या. अण्णांचं निदान असं की मी जोडीला बरोबर हाकलं नाही. बायको रात्री भाकरी थापताना म्हणाली, "तुमी सांगत का नाय त्यान्ला? ते काय खाणारेत का तुमाला?" मी म्हणालो, "सांगतो." ती म्हणाली, "टायर झिजल्याव सांगा." यावर मी तिच्याशीच भांडलो. दुसऱ्या कोणाशी भांडायची माझी ताकद नव्हती.

श्रावणात एका सकाळी गोठ्यातून अण्णांनी हाक मारली. त्यांच्या हाकेत कधी नसायचं असं काहीतरी होतं. मी पळत गेलो. बैलाने पहाटे दावं तोडलं होतं आणि तो बांधापलीकडच्या ओल्या लुसलुशीत घासात शिरून पोटभर चरला होता. त्याची डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. तो मान लांब करून श्वास घेत होता. पोटफुगी आम्ही पूर्वी पाहिली होती. ती वेळ देत नाही. अण्णांनी त्याच्या तोंडात आडवी काठी बांधली, तेल पाजलं, कुशीला चोळलं. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या गावात एका अडलेल्या गाईपाशी होते. हात मोकळा व्हायला तास तरी लागणार होता. "तुम्ही त्याला घेऊन डांबरीनं माझ्याकडं या," ते म्हणाले. "वीस मिनिटांत पोचाल. कुशीत सुई घालून वायू काढला की मोकळा होईल."

पिकअप बांधाला लावली. बैलाला चढवायचं कसं, या चिंतेत मी होतो. पण हौद्याचा मागचा फाळका पडल्याचा आवाज ऐकला आणि तो आपण होऊन चालू लागला. इतकी वर्षं याच आवाजाने तो घाटाला गेला होता. फुगलेल्या पोटाने, पाय थरथरत असताना, तो त्या गाडीत चढला आणि पुढे तोंड करून उभा राहिला. अण्णा त्याच्या शेजारी हौद्यात उभे राहिले. "हाण," ते मला म्हणाले.

मी हाणली. रात्रभर पाऊस पडला होता. अर्धी वाट बरी गेली. ओढ्याच्या अलीकडच्या सखल जागी गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकला, बसला, आणि उठला नाही. तिथून डांबरी रस्ता दिसत होता. त्यावरून एसटी गेली, तिचा हॉर्नही मी ऐकला.

मी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. अण्णा हौद्यातून खाली उतरले. कडेच्या उसातलं पाचट त्यांनी कवळाभर ओढलं आणि पुढच्या चाकांखाली घातलं. मी खिडकीतून ओरडलो, "अण्णा, मागं टाका! मागच्या चाकाखाली!" त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. गाडीतली दोन पोती काढून तीही पुढच्याच चाकांखाली कोंबली. "दे आता ताकद," म्हणाले.

मी ताकद दिली. मागची गुळगुळीत चाकं गरगर फिरली आणि चिखल गाडीच्या वर उडाला. पुढची नवी जोडी पाचटावर ढिम्म उभी होती. तिच्याखालचं पाचट हललंसुद्धा नव्हतं. अण्णा तिच्याजवळ, अगदी वाकून उभे होते. त्यांनी पुढच्या चाकाकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं, पुन्हा पुढच्या चाकाकडे पाहिलं. ओढतंय कोण आणि नुसतं उभं कोण आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"पुढची फिरत न्हाईत व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, अण्णा. ती नुसती वळायला असत्यात."

"कधीपासनं?"

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कोणत्याही दिवशी. "पयल्यापासनं," मी म्हणालो.

उरलेलं पाचट त्यांनी मागच्या चाकाखाली नेऊन घातलं, पण आता गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतली होती. मी शेजाऱ्याला ट्रॅक्टरसाठी फोन केला. ट्रॅक्टर पलीकडच्या शिवारात होता, निघतो म्हणाला. डॉक्टरांना फोन केला. तेही निघतो म्हणाले. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. मी फावड्याने चाकापुढचा चिखल काढत राहिलो आणि काढलेल्या जागी चिखल परत येत राहिला. हौद्यात बैल गुडघ्यावर बसला, मग कुशीवर झाला. अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याच्या कानाशी बोलत होते. या वेळी मी जवळ गेलो तरी ते गप्प झाले नाहीत. पण त्यांचे शब्द मला लागत नव्हते. मला रडू आलं, आणि मी फावडं आणखी जोराने चालवायला लागलो.

डॉक्टर पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, बॅग डोक्यावर धरून चिखलातून चालत आले. पाठोपाठ ट्रॅक्टरही आला. डॉक्टरांनी बैलाचा डोळा उघडून पाहिला आणि बॅग उघडलीच नाही. "अर्धा तास उशीर झाला," ते म्हणाले. ट्रॅक्टरने पिकअप ओढून काढली. आम्ही ती वळवली आणि बैलाला वस्तीवर परत आणलं. बांधालगत खड्डा घेऊन त्याला पुरलं.

आमच्याकडे घाटात पळालेल्या बैलाचा दहावा घालतात. बाहेरच्यांना याचं हसू येतं, येऊ दे. नदीकाठी मांडव घातला. बैलाचा झूल घातलेला फोटो मोठा करून ठेवला, त्याला हार घातला. पै-पाहुणे आले, जुन्नरकडचे गाडामालक आले, ज्यांच्याशी अण्णांचं घाटात कधी पटलं नाही तेही आले. भाषणं हा आमच्याकडच्या दहाव्याचा मोठाच भाग असतो. एक पुढारी उठला, त्याने बैलाचे गुण सांगितले आणि मग तो रस्त्याच्या विषयावर आला. रस्ता नाही म्हणून या मुक्या जनावराचा जीव गेला, हा रस्ता आपण करून घेतल्याशिवाय राहणार नाही, वगैरे. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. दोष रस्त्यावर ढकलणं मला फारच सोयीचं वाटलं.

तेवढ्यात अण्णा उठले. त्यांनी आयुष्यात कधी माईक हातात धरला नव्हता. तो त्यांनी तोंडापासून लांब धरला होता, कोणीतरी जवळ सरकवला.

"रस्त्याला बोल लावू नका," ते म्हणाले. "रस्ता माझ्या आज्ज्यापासनं असाच हाय. नवं टायर पुढं टाकायला म्या सांगितलं. मला वाटलं, गाडीबी पुढच्या जोडीवर चालती. दुकानदार सांगत व्हता, म्या ऐकलं न्हाई. मागं टाकलं असतं तर जनावर वाचलं असतं." ते थांबले. "पोराला कुणी बोलू नका. त्यालाबी ठावं नव्हतं."

मी तिसऱ्या रांगेत होतो. लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. त्यांच्या नजरेत माझ्याविषयी नुसती कणव होती. मला आधीपासून ठाऊक होतं हे त्या मांडवात बायकोखेरीज एकट्या अण्णांनाच कळलेलं होतं. चिखलात माझ्या तोंडून त्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्यानंतर दहा दिवसांत त्याविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. मला फक्त उठून 'मला माहीत होतं' असं म्हणायचं होतं. तीन शब्द होते. माईक चालू होता आणि अण्णांनंतर बोलायला कोणी उभंही राहिलं नव्हतं.

मी उठलो नाही. अण्णांनी माईक ठेवला, लोकांमधून वाट काढत ते आले, माझ्या शेजारी बसले आणि माझ्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला. त्या हाताचं काय करावं ते मला कळेना. लोक जेवायला उठेपर्यंत मी तसाच बसून राहिलो.